टांगा, व्हिक्टोरिया, घोड्यांची ट्राम : एसटीच्या आधी लोक नक्की कसे प्रवास करायचे?

वाटसरू
टांग्याचा विषय निघाला की आपल्याकडे टापांचा आवाज, घुंगरं आणि रम्य ते दिवस सुरू होतं. त्यात वाईट काही नाही, पण मला टांगा ही वाहतूक म्हणून समजून घ्यायचीय. म्हणजे घोडे किती अंतरावर बदलायचे, एका गाडीमागे किती घोडे लागायचे, कोणाला परवडायचं, कोणाला बसू द्यायचे, आणि हे सगळं संपलं ते नक्की कशामुळे.

माझं मत आधीच मांडतो. घोडागाडी आपल्याला फार पुरातन वाटते, पण सह्याद्रीच्या पट्ट्यात साध्या माणसाच्या प्रवासात ती बरीच उशिरा आली. पेशवाईतसुद्धा लांबचा प्रवास म्हणजे पायी, घोड्यावर, बैलगाडीत, आणि ऐपत असेल तर मेण्यात नाहीतर पालखीत. गाडीला जुंपलेला घोडा दौडवायचा तर रस्ता लागतो आणि घाटात तो नव्हताच. बोरघाटातला गाडीरस्ता गव्हर्नर जॉन माल्कमच्या कारकिर्दीत १८३० च्या नोव्हेंबरात खुला झाला. त्यानंतर मुंबईचा माणूस पनवेलपर्यंत होडीने यायचा आणि तिथून पुढे पुण्यापर्यंत चाकांवर येऊ शकायचा. मग १८५८ मध्ये खंडाळा-पुणे रेल्वे आली आणि १८६३ मध्ये बोरघाटातला रेल्वेमार्ग पूर्ण झाला. म्हणजे या वाटेवर लांबच्या घोडागाडीचं राज्य उणीपुरी पस्तीस वर्षंही टिकलं नाही.

पण माझा खरा मुद्दा पुढे आहे. रेल्वेने टांगा संपवला नाही, उलट वाढवला. स्टेशनं गावाबाहेर असायची, मग स्टेशन ते गाव जाणार कशाने? टांगा संपवला तो एसटीने आणि रिक्षाने. पटतंय का? ज्यांच्या घरात आठवणी आहेत त्यांनी लिहा, ज्यांचं वाचन आहे त्यांनीही लिहा.

मिरजकर_काकू
अगदी पटलं. आमच्याकडे हेच होतं. पुण्याहून येणारी मोठी गाडी मिरजेला थांबायची, सांगली मुख्य मार्गावर नव्हतीच, तिथे मिरजेहून वेगळा फाटा. त्यामुळे मिरज स्टेशनाबाहेर टांग्यांची रांग. माझे वडील नोकरीवरून सुट्टीला आले की आम्ही मुलं आधीच पुढे पळत जाऊन टांग्यात मागच्या बाजूला बसायचो, कारण मागे बसलं की सगळा रस्ता आपल्यापासून लांब जाताना दिसतो.

पण टांगेवाले चाचा बसवून घ्यायचे मात्र त्यांच्याच मनाप्रमाणे. जाड माणूस पुढे, ट्रंक पायाशी, मुलं मागे, पुन्हा उतरा, पुन्हा चढा. आईला राग यायचा. चाचा म्हणायचे, "बाई, उलाळ झाली तर घोडा वर जाईल." तेव्हा हसू यायचं, नंतर कळलं की ते अक्षरशः खरं होतं.

ऋतुजा_ठाणे
उलाळ म्हणजे? मी टांगा फक्त लग्नाच्या वरातीतला बघितलाय (आणि ती पण बग्गी होती)

नालबंदाचा_नातू
ऋतुजाताई, टांगा दोन चाकांचा. त्यामुळे सगळं वजन आसावर तोललेलं पाहिजे. मागे जास्त माणसं बसली की दांड्या वर उचलल्या जातात, घोड्याच्या पोटाखालचा पट्टा आवळतो, चढावर तर घोड्याचे पुढचे पाय जमिनीवर धड टेकत नाहीत. ती उलाळ. आणि पुढे वजन जास्त झालं तर दांड्या घोड्याच्या पाठीवर दाबतात, पाठ सोलते, चाल बिघडते. चांगला टांगेवाला उतारावर स्वतः थोडा मागे सरकायचा आणि चढावर पुढे दांडीजवळ यायचा, घाट मोठा असेल तर खाली उतरून चालायचा आणि माणसांनाही उतरवायचा. व्हिक्टोरिया म्हणजे मुंबईची भाड्याची घोडागाडी, तिला चार चाकं म्हणून हा त्रास नाही, पण ती जड, म्हणून तिला सपाट शहर लागतं. मुंबईत व्हिक्टोरिया आणि देशावर टांगा असं का झालं त्याचं एक मोठं कारण हे आहे असं माझे आजोबा सांगायचे. ते टांग्यांच्या घोड्यांना नाल मारायचे.

गिरगावकर_अरुण
वा, चांगला धागा. मुंबईचं मी लिहितो.

मुंबईत आधी श्रीमंतांच्या खासगी गाड्या, भाड्याचे शिग्राम (बंद पेटीसारख्या गाड्या), बैलांचे रेकले. भाड्याच्या गाड्यांसाठी १८६३ मध्येच कायदा झाला होता, म्हणजे परवाना आणि ठरलेलं भाडं हे रिक्षाच्या मीटरच्या कितीतरी आधीचं आहे. व्हिक्टोरिया त्यानंतर रुळली.

पण मला सगळ्यात जास्त ओढ आहे ती घोड्यांच्या ट्रामची. तिचा परवाना १८६५ मध्येच एका कंपनीला मिळाला होता, पण अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं, युद्धामुळे चढलेला कापसाचा भाव कोसळला, मुंबईत शेअरवाले बुडाले आणि ते काम तिथेच राहिलं. शेवटी ९ मे १८७४ ला ट्राम सुरू झाली. दोन मार्ग, एक कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुणीला आणि दुसरा बोरीबंदरहून काळबादेवीवरून पायधुणीला. कुलाबा ते पायधुणी भाडं तीन आणे, सुरुवातीला तिकीटसुद्धा देत नसत. नंतर भाडं उतरवलं. ट्रामचे घोडे उन्हात डोक्यावर टोप्या घालून धावायचे हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं, कोणीतरी तेवढा विचार केला होता.

१९०५ मध्ये घोड्यांची ट्राम संपली आणि मे १९०७ मध्ये विजेची ट्राम धावायला लागली. तीही ३१ मार्च १९६४ ला गेली. मधल्या काळात मुंबईत एकाच रस्त्यावर विजेची ट्राम, मोटार, बस, व्हिक्टोरिया, हातगाडी सगळं एकत्र चालायचं. नवं आलं की जुनं दुसऱ्या दिवशी जातं असं होत नाही, ते पन्नास वर्षं शेजारी शेजारी चालतं. वाटसरूंच्या मुद्द्याला मुंबईचा तरी पाठिंबाच मिळतो.

गुरांचा_डॉक्टर
एका गाडीमागे किती घोडे, हा प्रश्न मला आवडला कारण टांग्याच्या गोष्टींत हा हिशोब कधीच येत नाही.

घोडा चालीने ताशी सहा किलोमीटर तरी सहज जातो. दुडक्या चालीने त्याच्या दुप्पट. पण दुडक्या चालीने ओझं ओढत राहिला तर आठ-दहा किलोमीटरनंतर त्याला विसावा लागतो, म्हणून डाकेच्या टांग्यांना टप्पे असायचे आणि प्रत्येक टप्प्यावर ताजे घोडे जुंपायचे. काल्का-सिमला डाकटांगा असाच चालायचा, दोन तट्टं, डोंगराचा रस्ता, थोड्या थोड्या मैलांवर बदली. तुम्ही दिवसाला शंभर किलोमीटर गेलात तर तुमच्यासाठी दहा-बारा ठिकाणी कोणीतरी घोडे राखून ठेवलेले असायचे, त्यांचा दाणा, वैरण, मोतद्दार (घोड्यांची देखभाल करणारा), पाणी. लांबचा वेगवान प्रवास महाग होता तो यासाठी. घरचा एकच घोडा असेल तर मग बैलगाडीपेक्षा फार लवकर तुम्ही पोचत नाही.

ट्रामचंही तेच. रूळ असल्यामुळे ओढायला हलकं, पण थांबणं आणि पुन्हा निघणं हे घोड्याला सगळ्यात जड. गाडी स्थिर असते तेव्हा पहिला झटका मारायला जी ताकद लागते त्यात खांदे आणि मागचे पाय जातात. म्हणून ट्रामच्या घोड्याकडून दिवसातले थोडेच तास काम करून घेता येतं. गाडी दिवसभर, घोडे पाळीपाळीने. मुंबईच्या ट्रामचा धंदा ज्यांच्याकडे होता त्यांच्याकडे नऊशे घोडे होते असं सांगतात, ते या हिशोबात बरोबर बसतं.

आणि अजून एक. जनावरांवरच्या क्रौर्याविरुद्ध काम करणारी मुंबईतली संस्था १८७४ मध्येच निघाली, ट्राम आली त्याच वर्षी. परळचं बाई साकरबाई दिनशा पेटिट जनावरांचं हॉस्पिटल १८८३ चं. म्हणजे शहर घोड्यांवर चालायला लागलं तेव्हाच घोड्यांची काळजी करणारेही उभे राहिले. हे हॉस्पिटल आजही चालू आहे, आमच्या व्यवसायातल्या कितीतरी जणांनी तिथे हात धुवून घेतलेत.

हर्षद_लंडन
इथे लंडनमध्ये हॅन्सम कॅब फार प्रसिद्ध होती, जोसेफ हॅन्समने १८३४ मध्ये तिचं पेटंट घेतलं. दोन चाकं, चालक मागे उंच बसलेला. म्हणजे तोलाचा प्रश्न त्यांनी चालकाला मागे बसवून सोडवला होता, नालबंदाचा नातू यांनी लिहिलेलं वाचून आत्ता ते डोक्यात आलं.

डॉक्टर, लिदीचं पण लिहा ना. १८९४ मध्ये टाइम्सने लिहिलं होतं की पन्नास वर्षांत लंडन नऊ फूट लिदीखाली गाडलं जाईल!

गिरगावकर_अरुण
हर्षद, ते सगळीकडे फिरतं पण टाइम्सच्या जुन्या अंकांमध्ये शोधणाऱ्यांना तसा लेख सापडलेला नाही. लिदीचा त्रास मात्र शंभर टक्के खरा. लंडन न्यूयॉर्कला तर होताच. आपल्याकडे निदान शेणीसारखी, खतासारखी तिची किंमत होती, उचलून नेणारे लोक होते.

हर्षद_लंडन
लेख नसेलही, पण भीती तर खरीच होती ना. मोटार आली तेव्हा लोकांना ती स्वच्छ वाटली होती हे विसरून चालणार नाही, आज आपण धुराला शिव्या घालतो.

गुरांचा_डॉक्टर
लीद, मूत, माश्या, आणि रस्त्यात मेलेली जनावरं. मोठ्या शहरात घोडा मरून पडला की तो हलवणं हे वेगळं काम असायचं. याबद्दल कोणी लिहीत नाही.

कसबा_पेठ
थोडं विषयांतर पण घोडागाडीशिवाय पुण्याचा इतिहासच सांगता येणार नाही. २२ जून १८९७. राणीच्या राज्याची साठ वर्षं, गणेशखिंडीतल्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये (म्हणजे आजच्या विद्यापीठाची मुख्य इमारत) मेजवानी. रात्री पाहुण्यांच्या गाड्या एकामागून एक बाहेर पडत होत्या. "गोंद्या आला रे" ही खूण मिळाली, दामोदर चाफेकर रँडच्या गाडीवर मागून चढले आणि गोळी झाडली, बाळकृष्ण चाफेकरांनी मागच्या गाडीतल्या आयर्स्टवर. आयर्स्ट लगेच मेला, रँड काही दिवसांनी.

मी गणेशखिंड रस्त्याने रोज जातो आणि मला नेहमी वाटतं की हे घडू शकलं ते त्या गाडीच्या चालीमुळे. माणूस मागून धावत येऊन चढू शकतो एवढाच तिचा वेग, मागे पाय ठेवायला जागा, आणि गाडीवानाचं लक्ष पुढे घोड्यांवर. मोटार असती तर योजनाच वेगळी करावी लागली असती.

दुसरी गोष्ट आनंदाची. १९१६ मध्ये लोकमान्य लखनौला गेले तेव्हा तिथल्या तरुणांनी त्यांच्या गाडीचे घोडे सोडले आणि गाडी स्वतः ओढत मिरवणूक नेली. त्यात रामप्रसाद बिस्मिल होते. पुढाऱ्याच्या गाडीचे घोडे सोडून ती आपण ओढायची ही त्या काळातली मानाची रीत होती.

रांगडा_कोल्हापुरी
पुण्याचं झालं आता आमचं ऐका. शाहू महाराजांचा खडखडा! नवी घोडी गाडीला सरावावीत म्हणून असलेली ती अवजड गाडी, आवाज असा की लांबनं कळायचं महाराज आलं. स्वतः हाकायचे. वाटेत कोण भेटंल त्याला वर घ्यायचं, शेतकरी असू दे, पैलवान असू दे, लहान पोरं असू देत. ज्या काळात राजाच्या गाडीजवळ उभं राहायची कोणाची टाप नव्हती त्या काळात हा माणूस लोकांना आपल्या शेजारी बसवत होता. आमच्या पणजोबांनी बघितलेलं, घरात अजून सांगत्यात.

टांगं तर आमच्याकडं परवा परवापर्यंत. स्टेशनवर उतरायचं आणि टांग्यानं अंबाबाईला. आणि बैलगाडी-घोडागाडीच्या शर्यती तो वेगळाच विषय, त्यावर बोलायला लागलो तर धागा संपायचा न्हाई.

मिरजकर_काकू
खरंय, शाहू महाराजांचं आमच्याकडेही फार सांगतात.

खानदेशी
बरेच दिवस वाचतोय, वाटसरूंनी पहिल्याच पोस्टमध्ये विचारलं होतं "कोणाला बसू द्यायचे". त्याचं उत्तर अजून कोणी दिलं नाही म्हणून लिहितोय.

चाळीसगाव. २३ ऑक्टोबर १९२९. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेव्हा अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करण्यासाठी सरकारने नेमलेल्या समितीचे सभासद होते. धुळ्याहून मुंबईला परतताना आमच्या लोकांच्या आग्रहाखातर ते चाळीसगावला मुक्कामाला उतरले. स्टेशनवर स्वागताला लोक आले, पण बाबासाहेबांना तासभर तिथेच थांबावं लागलं आणि का ते कोणी सांगेना. मग टांगा आला. तो थोडा पुढे गेला आणि एका मोटारीवर जाऊन आदळता आदळता वाचला. पुढे नदीच्या पुलावर चाक दगडात अडकलं, बाबासाहेब फेकले गेले, पाय मोडला, घोडा आणि टांगा खाली नदीत.

कारण नंतर कळलं. एकही टांगेवाला महाराला बसवून टांगा हाकायला तयार नव्हता. टांगा भाड्याने देतो म्हणाले, पण हाकणार नाही. महारवाड्यातल्या लोकांना पाहुण्याला पायी नेणं बरं वाटेना, म्हणून त्यांच्यातलाच एक जण हाकायला बसला, ज्याने आयुष्यात कधी टांगा हाकला नव्हता. बाबासाहेबांनी हे सगळं स्वतः लिहून ठेवलंय, आणि त्यांचं म्हणणं असं की टांगेवाला स्वतः गरीब, हलकं समजलं जाणारं काम करणारा, पण तोही बॅरिस्टर झालेल्या अस्पृश्यापेक्षा स्वतःला वरचा समजू शकतो.

माझे आजोबा त्याच पट्ट्यातले. त्यांच्या तोंडून मी टांग्याची एकही गोड आठवण ऐकलेली नाही. ते पायी जायचे. टांगा रस्त्याने जायचा तेव्हा बाजूला व्हायचं, एवढाच त्यांचा टांग्याशी संबंध. टांग्याच्या रम्य आठवणी वाचायला मला आवडतात, काकूंची पोस्ट मनापासून आवडली, पण हा इतिहास लिहायचा तर यासकट लिहा.

मिरजकर_काकू
खानदेशी भाऊ, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. माझ्या नातवंडांना मी टांग्याच्या गोष्टी सांगते, आता ही पण सांगेन.

कसबा_पेठ
+१. आणि तुलनेसाठी : रेल्वेच्या डब्यात तिकीट काढलं की बसता यायचं, तिथेही भेदभाव व्हायचाच, पण टांग्यात मालक आणि प्रवासी समोरासमोर. त्याने नाही म्हटलं की संपलं. छोट्या खासगी वाहनात हा प्रश्न जास्त टोकदार होतो.

गिरगावकर_अरुण
मुंबईच्या ट्रामचं महत्त्व मला याच कारणाने वाटतं. तीन आणे दिले की कोणीही बसा. तीन आणे त्या वेळी मजुराला परवडणारे नव्हते हे मान्य, पण भाडं उतरलं तशी गर्दी बदलली.

नाशिककर
नाशिकची ट्राम कोणालाच माहीत नाही असं दिसतंय. आम्हालाही शाळेत कोणी सांगितली नव्हती!

नाशिक रोड स्टेशन गावापासून लांब, आठेक किलोमीटर. वाटसरूंच्या सिद्धांताचं याहून चांगलं उदाहरण मिळणार नाही. रेल्वे आली, यात्रेकरू वाढले, पंचवटीला जायचं कसं? सुरुवातीला टांगे आणि बैलगाड्या. मग १८८९ मध्ये ट्राम टाकली, मेन रोडवरच्या जुन्या नगरपालिकेपासून स्टेशनपर्यंत, आणि ती सुरुवातीला घोडे ओढायचे, चार घोडे आणि दोन डबे. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंजिनिअरचा तिच्यात हात होता, हाच माणूस पुढे बार्शी लाइट रेल्वेचा. नंतर इंजिन आलं आणि १९३० नंतर लवकरच ती बंद पडली. टांगे मात्र त्यानंतरही कितीतरी वर्षं चालू होते. म्हणजे घोड्यांची ट्राम गेली, इंजिनाची ट्राम गेली, पण साधा टांगा दोघांना पुरून उरला.

साईभक्त_नीलम
शिर्डीचं पण तसंच की. बाबांच्या काळात भक्त दौंड-मनमाड लाइनवर कोपरगावला उतरायचे आणि तिथून टांग्याने शिर्डी. माझ्या पणजी तशाच गेल्या होत्या, वाटेत गोदावरीचं दर्शन घेऊन.

सातारी_कंदी
महाबळेश्वरही घ्या. प्रतापसिंह महाराजांच्या काळात इंग्रजांना ते दिलं गेलं, माल्कम पेठ वसली, आणि उन्हाळ्यात मुंबईचं सगळं सरकार वर यायला लागलं. पुढे पुणे-मिरज रेल्वे झाल्यावर वाठार स्टेशनला उतरायचं आणि वाईवरून पसरणी घाट चढून पाचगणी, महाबळेश्वर. पूर्ण दिवसाचं काम. घोडी बदलायची, घाटात उतरून चालायचं, धुळीने माणूस ओळखू येत नसे. मोटारी आल्या आणि हे एकदम थांबलं. वाठार स्टेशन आज अगदी शांत असतं, कोणाला खरं वाटणार नाही की इथे गव्हर्नरचं सामान उतरायचं.

आणि म्हणून वाटसरू, तुमच्याशी मी अर्धाच सहमत. रेल्वेने स्टेशनचा टांगा वाढवला, बरोबर. पण डाकेचा, लांब पल्ल्याचा टांगा रेल्वेनेच मारला. जिथे रूळ पोचले तिथली टप्प्यांची सगळी साखळी मोडली, पागा बंद, मोतद्दार घरी. तुम्ही स्वतःच बोरघाटाचं उदाहरण दिलंय. दोन्ही एकाच वेळी घडलं असं म्हणा.

वाटसरू
सातारी कंदी, मुद्दा बिनतोड आहे आणि त्याने माझं म्हणणं जास्त नीट होतं. लांबचा टांगा रेल्वेने घेतला, जवळचा टांगा रेल्वेने दिला. मग एसटी आली, १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर पहिली गाडी, आणि तिने गावोगावचे फाटे जोडले तेव्हा स्टेशनवर उतरून टांगा करायची गरजच कमी झाली. उरलेलं शहरातलं अंतर रिक्षाने घेतलं.

खानदेशींची पोस्ट मी घरी सगळ्यांना वाचून दाखवली. रिक्षा आणि एसटीबद्दल एरवी आपण तक्रारीच करतो, पण तिकीट काढलं की बसायचा हक्क, ही गोष्ट टांग्याच्या जगात सगळ्यांना नव्हती.

ऋतुजा_ठाणे
मग व्हिक्टोरिया बंद झाल्या ते चांगलं झालं की वाईट? मला गेटवेजवळच्या चंदेरी गाड्या आठवतात, लहानपणी हट्ट केला होता आणि बाबांनी नेलं नव्हतं, त्यांना घोड्यांचे हाल बघवायचे नाहीत

गुरांचा_डॉक्टर
बाबा बरोबर होते. २०१५ च्या जूनमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने व्हिक्टोरिया बेकायदा ठरवल्या आणि वर्षभरात बंद करायला सांगितलं, मालक-चालकांचं पुनर्वसन करायलाही सांगितलं. तेव्हा सव्वाशेच्या आसपास गाड्या उरल्या होत्या आणि त्या प्रवासासाठी नव्हे, फिरायला होत्या. डांबरी आणि सिमेंटच्या रस्त्यावर धावून खुरांची आणि सांध्यांची वाट लागते, उन्हात तापलेला रस्ता, चोवीस तास हॉर्न, आणि तबेल्यात धड उभं राहायला जागा नाही. घोडा मऊ मातीवर धावण्यासाठी बनलेला प्राणी आहे. ज्या काळात दुसरं साधन नव्हतं तेव्हाची गोष्ट वेगळी. मजेसाठी हे करायचं कारण नाही, यावर माझं मत पक्कं आहे.

रांगडा_कोल्हापुरी
डॉक्टर तुमचं मान्य पण त्या गाडीवाल्यांचं काय. पिढ्यान् पिढ्या घोड्यावर जगलेली माणसं. २०२१ मध्ये विजेवरच्या व्हिक्टोरिया आल्या त्या किती जणांना मिळाल्या?

नालबंदाचा_नातू
मी या प्रश्नाच्या दोन्ही बाजूंना उभा आहे. आजोबांचं दुकान टांग्यांवर चालायचं, टांगे गेले तसं ते बसलं, वडिलांनी वेल्डिंग सुरू केलं. कोणी पुनर्वसन केलं नाही, कोणी विचारलंही नाही. पण आजोबा स्वतः म्हणायचे की चांगला टांगेवाला दहात तीन. बाकीचे लंगडा घोडा घेऊन यायचे आणि "मार दो खिळे, आजचा दिवस चालू दे" म्हणायचे. आजोबा अशा घोड्याला नाल मारायचे नाहीत, गिऱ्हाईक गेलं तरी चालेल म्हणायचे.

गुरांचा_डॉक्टर
असे नालबंद आम्हाला आज मिळत नाहीत. माथेरानला घोडी आहेत, गावात मोटारीला बंदी आहे म्हणून टिकली, आता तिथेही ई-रिक्षा आल्यात. पण खुराचं काम जाणणारा माणूस शोधायला रेसकोर्स नाहीतर घोड्यांचे फार्म गाठावे लागतात.

नाशिककर
नालबंद, तुमच्या आजोबांचं काम कसं चालायचं ते जरा सविस्तर लिहा ना. इथे इतिहासाच्या तारखा सगळ्यांनी दिल्या, पण हे कुठे वाचायला मिळत नाही.

मिरजकर_काकू
हो, लिहाच. आणि चाकाला लोखंडी पट्टी चढवायचे तेही. आमच्या गल्लीत चढवायचे तेव्हा आम्हाला जवळ जाऊ द्यायचे नाहीत.

नालबंदाचा_नातू
काकू, ती धाव. लाकडी चाकापेक्षा लोखंडी कडं घेराने मुद्दाम थोडं लहान बनवायचं. मग ते गोवऱ्यांच्या जाळात लाल होईपर्यंत तापवायचं, तापलं की ते फुगतं, तेव्हा दोघा-तिघांनी सांडशीने उचलून चाकावर बसवायचं, वरून घण, आणि लगेच पाणी. लाकूड पेट घ्यायच्या आत पाणी पडलं पाहिजे. गार होताना कडं आवळतं आणि आरे, घेराच्या पाट्या, मधला तुंबा सगळं घट्ट बसतं, खिळा नाही की चिकटवणं नाही. उन्हाळ्यात लाकूड वाळून धाव सैल व्हायची म्हणून टांगेवाले रात्री चाक ओल्या पोत्याने झाकायचे नाहीतर नदीत उभं करायचे. पुढे रबरी धावा आल्या, आवाज कमी झाला, गचके कमी झाले.

नालाचं असं. खूर आपल्या नखासारखं वाढतं, म्हणून महिना-दीड महिन्याने नाल काढून खूर तासावंच लागतं, नाल झिजला असो वा नसो. आधी आजोबा घोड्याला चालवून बघायचे, कोणता पाय आधी टेकवतो, कोणत्या बाजूला झिजलाय. मग पाय आपल्या मांडीवर घेऊन तासणीने खूर सारखं करायचं, नाल खुराच्या मापाने ठोकून वाकवायचा. नालाच्या मापाने खूर कापणारा नालबंद वाईट, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. खिळा खुराच्या बाहेरच्या मेलेल्या भागातूनच गेला पाहिजे, आत जिवंत भागात घुसला की घोडा लंगडतो आणि पू होतो. खिळा ठोकताना आवाज बदलतो, बोदा आवाज आला की लगेच उपटायचा. घोड्याचे कान मागे गेले तरी थांबायचं. चारही पायांचं काम करायला त्यांना तासभर तरी लागायचा आणि मधे कोणी बोललेलं त्यांना चालत नसे. त्यांचा हातोडा, तासणी आणि सांडशी माझ्याकडे आहे, या रविवारी फोटो काढून इथेच टाकतो, डॉक्टर तुम्ही बघून सांगा यातलं आज काय काय वापरतात.